मुलीची नवोदयला निवड झाली आहे. पाठवावं, की गावातल्या हायस्कूललाच ठेवावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे, नवोदयच्या (केंद्र सरकारच्या, सहावी ते बारावीच्या निवासी शाळेच्या) यादीत तिचं नाव लागलंय, हायस्कूल घरापासून दहा मिनिटांवर आहे, तिथले मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन 'आम्ही लक्ष देतो' म्हणून गेलेत आणि आजीने दोन दिवस जेवण सोडलंय. खाली तुम्ही विचारलंय, 'अभ्यासक्रम तर सगळीकडे सारखाच ना?' या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले.

पाठवा. माझं उत्तर एवढंच आहे. पण ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

१९९६ साली मी पाचवीत होते. आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या पाण्यापासून लांब, सगळं कोरडवाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या वर्गात चौदा पोरं. गुरुजींनी त्यातली चार निवडली आणि दिवाळीनंतर रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसवून नवोदयच्या प्रवेशपरीक्षेच्या आकृत्या सोडवून घेतल्या. चारांतली वेगळी कुठली, आरशात कशी दिसेल, तुटलेला तुकडा कुठे बसेल. मला ते इतकं आवडायचं की घरी कोळशाने जमिनीवर आकृत्या काढून मी आईला उत्तर विचारायचे. त्या काही महिन्यांपुरतं गुरुजींनी आप्पांना सांगून माझं संध्याकाळचं पाणी भरणं सोडवलं होतं. तेव्हा मला ही गोष्ट फार मोठी वाटली नव्हती.

चौघांतून दोघांची निवड झाली. मी आणि वर्गातला एक मुलगा. गुरुजी पेढे घेऊन घरी आले. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी पेढा घेतला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाव काढलं पोरीनं. पण पाठवायची न्हाय."

गुरुजींना वाटलं खर्चाचं असेल. ते सांगू लागले की राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकार देतं. आप्पा म्हणाले, "पैशाचं न्हाय, गुरुजी. पुस्तकं तीच हायती ना? गणित हितं तेच, तितं तेच. हुशार असंल तर हितंबी शिकंल." गुरुजी दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आप्पा रानातून परतलेच नाहीत. गुरुजी अंधार पडेपर्यंत ओट्यावर थांबले, मग सायकल घेऊन गेले. मी दारातच उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही, आपण बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तो मुलगा निघाला त्या दिवशी मी फाट्यापर्यंत गेले होते. पत्र्याची नवी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्याचं नाव, गादीची वळकटी एसटीच्या टपावर. करमाळा, टेंभुर्णी, मोहोळ अशा एसट्या बदलत पोखरापूरच्या नवोदयला जायचं होतं. गाडी गेल्यावर मी शेळ्या घेऊन घरी आले.

शिकले मी. सातवीपर्यंत गावात, आठवीपासून साडेचार किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये. मुलींना एसटीचा पास फुकट होता, पण शाळेच्या वेळेला गाडी आली तर आली. पाचला शाळा सुटायची, घरी पोचायला सहा. मग हापशावर नंबर. चार खेपा पाणी, शेळ्या बांधणं, धाकट्याला बघणं, आई रानातून आली की भाकरी, मग जेवणं, मग भांडी. पुस्तक हातात यायला साडेनऊ व्हायचे आणि तोवर लाइट गेलेली असायची. पुढे धाकटा भाऊ आठवीत गेला तेव्हा त्याच घरात आईच म्हणायची, "त्याला हाक मारू नको, अभ्यासाला बसलाय."

बारावीनंतर तो मुलगा एका लग्नात भेटला. मी विचारलं, तिथे असतं तरी काय? तो म्हणाला, "काही नाही गं. पहाटे उठवून पीटी, मग शाळा, मग खेळ. आणि रोज संध्याकाळी दोन तास वर्गात नेऊन अभ्यासाला बसवायचे. फार कंटाळा यायचा." तो सहज बोलून गेला. मी त्या रात्री हिशेब केला. रोजचे दोन तास, वर्षाचे नऊ महिने धरून २७० दिवस, सहावी ते बारावी सात वर्षं. ३७८० तास. तो जिथे कंटाळून बसला होता, तिथे माझी जागा होती.

म्हणून सांगते, अभ्यासक्रम सारखा आहे का हा प्रश्नच चुकीचा आहे. (तसा तो तंतोतंत सारखा नाहीच. नवोदय सीबीएसईची, हायस्कूल राज्य मंडळाचं.) मुलीची संध्याकाळ कोणाची आहे, हे विचारा.

आता मुख्याध्यापकांबद्दल. मी सतरा वर्षं एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवते, म्हणजे मी त्यांच्याच बाजूची आहे. ते लक्ष देतील, यावर माझा विश्वास आहे. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरते, पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि एक हुशार मुलगी शाळेत राहिली की पुढच्या वर्षी आणखी चार पालक थांबतात. हे सगळं ते तुमच्या ओट्यावर बसून सांगणार नाहीत. माझे सहकारीही मला म्हणतात, "मॅडम, आपलीच पोरं तुम्ही दुसरीकडे घालवता." मी पाचवीच्या पालकांना फॉर्म भरायला लावते, हे खरं आहे. मी ते थांबवणार नाही.

आणि तरी आमच्या हायस्कूलला कोणी कमी लेखलेलं मला खपत नाही. दहावीला आमचे गणिताचे सर सकाळी सातला वर्ग घ्यायचे, एक पैसा न घेता. सहा किलोमीटर सायकल मारून यायचे. मला ७८ टक्के पडले त्यात निम्मा वाटा त्यांचा. नवोदयच्या एका वर्षाच्या जागा ८०, तेवढ्या जागांसाठी सगळ्या जिल्ह्यातून पोरं बसतात. उरलेल्या सगळ्यांना आम्ही शिकवतो. ज्याला आठवीत भागाकार येत नाही त्याच्या शेजारी ज्याला बीजगणित खेळासारखं वाटतं तो बसतो, आणि दोघांना एकाच तासात पुढे न्यायचं असतं. हे काम मी अभिमानाने करते. माझी तक्रार शाळेबद्दल कधीच नव्हती. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेबद्दल होती.

निर्णयाला मदत होईल अशी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. मुलगी नवोदयला गेली आणि रमली नाही, तर ती गावात परत येऊ शकते. हायस्कूल तिला घेईलच. माझ्या शाळेत एक मुलगा तेवीस दिवसांत परत आला होता, आता दहावीत आहे, छान आहे. उलट मात्र होत नाही. पाचवीतून परीक्षा एकदाच देता येते. नंतर नववीला आणि अकरावीला प्रवेश मिळतो, पण तो रिकाम्या राहिलेल्या जागांवर. म्हणजे आज 'नको' म्हटलंत तर ते जवळजवळ कायमचं, आणि 'हो' म्हटलंत तर ते बदलता येतं. यादीतली जागा सोडलीत तर ती प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या लेकराला मिळेल. ते चांगलंच आहे, पण ते तुमच्या मुलीच्या खात्यावर का?

नीट-जेईईचं, म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचं, तुम्ही विचारलंय. बारा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी हा प्रश्न आज नको, पण विचारलाच आहे तर दक्षणा फाउंडेशन ही संस्था नवोदयमधली मुलं परीक्षा घेऊन निवडतं आणि त्यांना मोफत कोचिंग देतं.  उलट, हायस्कूलमध्ये आठवीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. निवासी शाळेतल्या मुलांना ते मिळत नाहीत. घरात पैशाची ओढ असेल तर हेही मोजा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या मुलीची निवड झाली. आप्पा आता पंच्याहत्तरीचे आहेत. त्याच ओट्यावर बसून त्यांनी तेच वाक्य म्हटलं, पुस्तकं तीच हायती ना. मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, "आप्पा, ३७८० तास." त्यांनी विचारलं, कसले? मी सगळा हिशेब सांगितला, हापशापासून भांड्यांपर्यंत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तवा पाणी कोण आननार व्हतं?"

अठ्ठावीस वर्षांनी खरं कारण कळलं. मला राग आला नाही. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात असायची, धाकटा तीन वर्षांचा होता, आणि पाणी कोणीतरी आणायलाच हवं होतं. ही अडचण खरी होती. पण ती गुरुजींना सांगितली असती तर गुरुजींनी काहीतरी वाट काढली असती. पुस्तकांच्या नावाखाली ती झाकली गेली. म्हणून तुम्हालाही विचारते: आजीला नात दूर जाण्याचं दुःख आहे, की घरातलं कोणतं काम त्या मुलीवर आहे? दोन्ही असू शकतं. पण ते आपल्यापुरतं तरी खरं बोला. भाची गेली, आता सातवीत आहे. घरात नळही आलाय.

आता काही गोष्टी ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या घरी मुलीची संध्याकाळ खरोखर तिची असेल, भांडी भाऊही घासत असेल, तर माझं निम्मं म्हणणं तुम्हाला लागू नाही. मग घर आणि जवळचं चांगलं हायस्कूल यात काही वाईट नाही. नवोदयमध्ये वरच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीत होतं, मराठी शाळेतल्या मुलाला पहिले काही महिने जड जातात. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवतात, त्याची मनाची तयारी आधीच असू द्या. पहिला महिना ती रडेल. तुम्हीही रडाल. मुलगी वारंवार आजारी पडत असेल किंवा रात्री एकटी झोपायला घाबरत असेल, तर वयाचा विचार करा.

सही करण्याआधी तिला शाळा दाखवून आणा. मुलींचं वसतिगृह आतून बघा, मुलींची जबाबदारी असलेल्या मॅडम कुठे राहतात ते विचारा, न्हाणीघरांच्या कड्या लागतात का बघा. मग घरी आल्यावर, आजी समोर नसताना, तिला विचारा. ती नको म्हणाली तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा.

आणि कागदपत्रांचं लांबवू नका. तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केल्याचा दाखला आणि रहिवासी दाखला मागतात. पहिला तिच्या आत्ताच्या शाळेतून याच आठवड्यात घेऊन ठेवा, उन्हाळ्याच्या सुट्टीत सही करायला कोणी भेटत नाही.