अर्ज कन्फर्म करण्याआधी तिच्याशी बोला

सांगलीच्या एका बांधकाम कंत्राटदारांचं पत्र आलंय. मुलीला सिव्हिल करून पर्यावरणपूरक इमारतींच्या कामात जायचंय. यांनी मात्र कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, अर्जात सगळे पर्याय कॉम्प्युटरचे भरलेत. ‘पासवर्ड माझ्याकडेच आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तिची समजूत काढा,’ असं ते लिहितात.

दादा, मी तिची समजूत काढणार नाही. तिच्या पर्सेंटाइलची मला काळजी नाही, तिच्या नकळत भरलेल्या त्या अर्जाची आहे. तुमची उमेदीची वर्षं उन्हातान्हात आणि थकलेली बिलं मागण्यात गेली. ते पोरीच्या वाट्याला येऊ नये असं वाटणारच. पण मग हे तिला समोर बसवून सांगायचं होतं. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो बंधनकारक होतो. त्यानंतर तिला कळून काय उपयोग?

मिवान, म्हणजे घरं ओतायच्या ॲल्युमिनियमच्या साच्यांबद्दल, तुम्ही लिहिता, ‘मिवान आल्यापासून गवंड्यालाच काम उरलं नाही, इंजिनिअर कुणाला हवाय?’ इथे तुमची गफलत होतेय. विटांची भिंत चुकली तर फोडून पुन्हा बांधता येते. मिवानमध्ये भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. वायरिंगचे पाइप, स्विचचे बॉक्स, खिडक्या, सगळं त्याआधी ठरलेलं लागतं. नंतर भिंत फोडायची म्हणजे इमारतीच्या सांगाड्यालाच हात घालायचा. राजकोटच्या ‘लाइट हाउस’ या सरकारी घरबांधणी प्रकल्पातली ११४४ घरं टनेल शटरिंगने, म्हणजे बोगद्याच्या आकाराच्या साच्यांत, अशीच एकसंध ओतली. काम झपाट्याने होतं, गिलावाही फारसा लागत नाही. पण काँक्रीटची पातळ भिंत दुपारी तापते आणि रात्री खोलीत उष्णता सोडते, मग घरोघरी एसी लागतात. खिडकी केवढी, छज्जा किती, वारा कुठून, हे नकाशावर असतानाच कुणीतरी मोजायला हवं. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर २०१८च्या इको निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, मर्यादाच घातली आहे. हे मोजमाप सिव्हिल आणि आर्किटेक्चरचीच माणसं करतात, आणि कॉम्प्युटरवरच करतात!

पुढचा रस्ता सरळ आहे: पदवी, गेटची प्रवेशपरीक्षा, एम.टेक., किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातला इमारतींच्या ऊर्जेवरचा अभ्यासक्रम.

सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच असेल. साइटवर मुलींना अजून साध्या स्वच्छतागृहासाठी भांडावं लागतं. हेही तिला सांगा, तुमच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार? ओळखीच्या एखाद्या मिवान साइटवर स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी तिला घेऊन जा आणि तिथल्या इंजिनिअरशी तिला एकटीला बोलू द्या.

पासवर्ड मात्र आजच तिच्या हातात द्या. पर्यायांचा क्रम तिला लावू द्या. त्यात कॉम्प्युटर ठेवायचं की नाही, तेही तीच ठरवेल. मगच अर्ज कन्फर्म करा.