वाशीत मिळणारी अळंबीची पावडर घेऊन सांध्यांची सूज उतरते का?

पेशींवर आणि उंदरांवर अळंबीतल्या बीटा-ग्लुकनने सूज कमी होताना दिसली आहे, पण तेवढ्यावर संधिवाताची गोळी बंद करू नका. ही बुरशीच्या पेशीभित्तीतली लांब साखळीची शर्करा महाभक्षक पेशींवरच्या (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींवरच्या) डेक्टिन-1 या ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि प्रतिकारशक्तीला कधी आवरते, कधी उलट चेतवते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचाराच.

पावडर आणलीच असेल तर ती निव्वळ अळंबीची आहे का हे पाहायला अर्धा चमचा अर्ध्या कप पाण्यात 5 मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग टिंक्चर आयोडीनचे 2 थेंब टाका. निळंकाळं झालं तर त्यात धान्याचा स्टार्च आहे. अळंबीत तो नसतो. पाणी गरम असेल तर रंग उमटत नाही आणि फसगत होते. चाचणीचं पाणी फेकून द्या.

त्यापेक्षा ताजी धिंगरी चिरून तासभर मंद आचेवर शिजवा. शिजवलेलं पाणी ओतून टाकू नका, विरघळणारं ग्लुकन त्यातच उतरतं.