शिकवणाऱ्याची पात्रता

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझा दवाखाना आहे. नवजात बालकाला कृत्रिम श्वास देण्याचे प्रशिक्षण आम्हा डॉक्टरांना एका ज्येष्ठ परिचारिकेने दिले. हे योग्य आहे का?

उत्तर : निश्चितच योग्य आहे. पदवीवरून विषयाचा अभ्यास कळतो. परंतु न रडणाऱ्या बाळाच्या चेहऱ्यावर पहिल्या मिनिटातच मास्क घट्ट बसवून मिनिटाला ४० ते ६० श्वास देणारा हात प्रसूतिगृहातच घडतो, आणि या विषयात मी त्यालाच अधिक मान देतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरांनी दर ५ वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे असे सांगितले आहे. तेव्हा असे शिक्षण घेताना शिकवणारी व्यक्ती आजही प्रसूतिकक्षात काम करते का आणि तिचे औषध कंपनीशी आर्थिक संबंध आहेत का, एवढे मात्र निःसंकोच विचारावे.