द्रव आणि प्लास्टिकसारखे पॉलिमर, यांच्या भौतिक गुणधर्मांत काय फरक असतो?

आधी एक, वितळलेलं प्लास्टिक पण द्रवच असतं हो, फक्त पाण्या-तेलासारखं वागत नाही. आणि हे न कळणारे डिग्रीवाले साहेब मी बघितलेत, म्हणून लिहायला बसलो.

भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगला होतो, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने डायमध्ये (साच्यात) भरायचं काम. रात्रपाळी, पीपीची (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकची) पांढरी झाकणं, आणि पीस शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेले येतायत, कडेला नखाएवढा तुकडाच नाही. साहेब म्हणाले टेम्परेचर वाढव, तेल तापलं की पातळ होतं ना, शिवाय दाणा १२ एमएफआयचा (मेल्ट फ्लो इंडेक्स, माल किती वाहतो त्याचा आकडा) आहे, वाहायलाच पाहिजे. २२० चं २६० केलं. झाकणं तरी शॉर्टच, वर पिवळट पडायला लागली. मी म्हटलं इंजेक्शन स्पीड वाढवूया, तर "तू मला शिकवणार?" साहेब चहाला गेले, मी स्पीड ४० टक्क्यांवरून ७० वर नेला आणि चौथ्या पिसाला कड भरली.

कारण सोपंय. पाणी हळू ढकला नाहीतर जोरात, घट्टपणा तोच. पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात, जोर लावला की एका दिशेला ओढल्या जातात आणि माल पातळ होतो. सावकाश ढकललं तर हेच पीपी पाण्याच्या लाखो पट घट्ट. एमएफआय म्हणजे २३० अंशांना २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम माल आला, ते मोजमापच हळू वाहण्याचं आहे, डायमध्ये काय होईल ते त्यावरून काय कळणार! पर्जिंग करताना, म्हणजे मशीनमधला जुना माल बाहेर काढताना बघा, नोझलचं भोक चार मिलीमीटरचं आणि बाहेर येणारी लडी सहा मिलीमीटरची, फुगते. नळाची धार कधी फुगलेली बघितलीय?

बाकी गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, पीपी उलट आकसतं, म्हणून डाय १ ते २.५ टक्के मोठी कापतात.

हां, पॉलीकार्बोनेट असेल तर टेम्परेचरने खरंच बराच फरक पडतो, तिथे साहेब बरोबर ठरले असते. आणि स्पीड आंधळेपणाने वाढवून फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर आलेला जादा माल) आला तर मला सांगायला येऊ नका.

रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, "टेम्परेचर ॲडजस्ट करून प्रॉब्लेम सॉल्व्ह". साहेब, वाचत असाल तर, ते परत २२० वर मीच आणलं होतं.