हिमोग्लोबिनच्या खालच्या दोन ओळी

ताई, तुमचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत नऊ वर्षं पेंट शॉपला आहेत, वय ३८, हिमोग्लोबिन ९.६. लोहाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, तरी काडीचा फरक नाही. थिनरमुळे असं होतं का, हा तुमचा प्रश्न. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन होतो. औषध सांगणं माझं काम नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकतो.

तुम्ही टाकलेल्या रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर अडकलीय. जरा खाली बघा. पांढऱ्या पेशी ३,२००, प्लेटलेट १ लाख १० हजार. नुसतं लोह कमी असेल तर पांढऱ्या पेशी सहसा जागेवर असतात, प्लेटलेट तर उलट वाढलेल्या दिसतात. इथं तिन्ही खाली आहेत. तिन्ही तयार होतात त्या एकाच ठिकाणी, अस्थिमज्जेत. तिथं कच्चा माल पोचत नाही की मज्जेलाच मार बसलाय, हे शोधायला हवं. त्यात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, १०४. लोहाच्या कमतरतेत पेशी बारीक होतात, यांच्या मोठ्या झाल्यात.

म्हणून लगेच थिनरवर खापर फोडू नका. हेच चित्र बी-१२ किंवा फोलेट कमी असतानाही दिसतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं, म्हणजे मटणाचं, आपल्याकडं कितीही कौतुक असो, बी-१२ कमी असलेली माणसं मला रोज भेटायची. ती तपासणी आधी करा, आणि नमुना दिल्याशिवाय बी-१२ चं इंजेक्शन टोचून घेऊ नका, नाहीतर मग आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ कारण कळतच नाही.

आता थिनर. थिनरमध्ये मुख्यतः टोल्युइन, झायलीन, अॅसिटोन असलं काही असतं. त्यांनी डोकं जड होतं, चक्कर येते, यकृताला त्रास होऊ शकतो, पण मज्जेचा खरा वैरी बेंझीन. सुट्ट्या, स्वस्त थिनरमध्ये ते भेसळीसारखं येऊ शकतं. पेट्रोलमध्येही असतं, आपल्याकडं १ टक्क्यापर्यंत चालतं. मिस्टर हात पेट्रोलनं धुतात का, विचारा. बेंझीन कातडीतूनही आत जातं. वासावर तर विसंबूच नका, वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

गंमत अशी की बेंझीन स्वतः फार काही करत नाही. यकृत ते बाहेर टाकायला म्हणून फोडतं, त्यातून फिनॉल आणि हायड्रोक्विनोन तयार होतात, ते रक्तातून मज्जेत पोचतात आणि तिथं त्यांचं आणखी जहाल रूप होऊन नव्या पेशींवर घाव घालतं. यकृतातलं हे फोडणारं विकर (एन्झाइम) रोजच्या दारूनं वाढतं. मिस्टर घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे मज्जेत पेशी बनणंच जवळजवळ थांबणं, काहींना रक्ताचा कर्करोगही होतो. घाबरवायला सांगत नाही, हे आकडे बघून थांबून चालणार नाही एवढ्यासाठी सांगतोय.

कंपनीत दूध आणि गूळ मिळतो, असं तुम्ही लिहिलंय. गूळ आपला, त्याला नावं ठेवणार नाही, पण फुप्फुसात गेलेली वाफ गुळानं धुतली जात नाही. तोंडाला बांधलेला रुमालही वाफ अडवत नाही, एन-९५ सुद्धा नाही. कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो, आणि ती काडतुसं वेळेवर बदलावी लागतात.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, डॉक्टर एवढेच रकाने. माणूस काम काय करतो, हा रकानाच नव्हता. एकदा एक पोरगं आलं, पोटदुखीवर अपेंडिक्सचा संशय, हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. मशीननं आकडा देऊन हात झटकले. मी स्लाइड लावली तर लाल पेशींवर निळे बारीक ठिपके, रवा सांडल्यासारखे. विचारलं, काम काय करतोस? "जुन्या बॅटऱ्या फोडतो न्हवं. पोटात पीळ पडतोय बघा सारखा." ओठ खाली ओढून बघितला, हिरडीच्या कडेला निळसर रेघ. शिसं! हिमोग्लोबिन तयार करणारी विकरंच शिसं अडवतं, मग लोहाच्या गोळ्या किती का घ्या. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात बसलेलं दशकानुदशकं निघत नाही. त्याच्या आधीच्या तीन रिपोर्टांवर ठिपक्यांचा उल्लेख नव्हता, कारण स्लाइड कुणी बघितलीच नव्हती. त्यातला एक आमच्याच लॅबचा होता.

फौंड्रीवाल्यांचं वेगळं. तिथं कार्बन मोनॉक्साइड. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तरीही ९८ दाखवतं. शिफ्टला डोकं दुखतं आणि सुट्टीदिवशी दुखत नाही, तर चहा-जागरणाला दोष देण्याआधी भट्टीजवळची हवा मोजा.

साखरेचंही विचारलंय तुम्ही, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. तो आकडा सध्या बाजूला ठेवा. ही तपासणी लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात या हिशेबावर चालते. पेशींचं आयुष्य किंवा तयार होण्याचा वेग बिघडला की तिच्या आकड्यावर विसंबता येत नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी साखर बघा.

या आठवड्यातच रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. पेरिफेरल स्मिअर (स्लाइडवर पेशी बघणं), रेटिक काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी), बी-१२, फोलेट हे ते सांगतीलच, गरज वाटली तर मज्जेची तपासणीही. तुम्ही स्वतःहून सांगायचं ते एवढं: नऊ वर्षं, रोज किती तास, स्प्रे की ब्रश, बूथमधला एक्झॉस्ट चालू असतो की नाही. लघवीत बेंझीनच्या खुणा शोधायच्या तर नमुना शिफ्ट सुटताना घ्यावा लागतो. आठवडाभर रजा काढून दिला तर तो स्वच्छच येणार, आणि तेवढ्यावर कुणी "थिनरचा संबंध नाही" म्हटलं तर मान डोलवू नका. तोवर शक्य असेल तर पेंटवरून दुसऱ्या खात्यात बदली मागा. नोकरी जाईल ही भीती मला कळते. पण शिशाची आणि बेंझीनची विषबाधा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून नोंदवायच्या रोगांच्या यादीत आहे. निदान झालं तर ते सरकारला कळवणं डॉक्टरांचं काम, त्यासाठी मिस्टरांना कुणाशी भांडावं लागत नाही. ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर ते कार्डही सोबत न्या. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

मागच्या चार-पाच वर्षांचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, घरात कुठंतरी असतील, कंपनीच्या वार्षिक तपासणीचे तरी. ते तारखेनं लावा आणि पांढऱ्या पेशी कधीपासून उतरल्या ते बघा. आणि थिनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढून इथं टाका, कंपनीचं नाव झाकून. बारीक अक्षरातलं मी वाचून सांगतो.