वर आलेल्या फळ्या आत्ता घासू नका

प्रश्न : मुंबईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सागवानी फ्लोअरिंग आहे. जुलैपासून फळ्यांच्या कडा उचलल्यात, मधला भाग खोलगट दिसतो. सुतार म्हणतो, घासून सपाट करू. पुसतो मात्र रोज.

उत्तर : सुताराला जानेवारीत बोलवा. ओल शोषली की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली राहिली की तीच जास्त फुगते आणि कडा वर येतात. त्या आत्ता घासून काढल्या, तर फळी वाळून सरळ होताच कडा खाली जातील आणि मध्य फुगीर दिसेल. मग दुसऱ्यांदा घासकाम, आणि लाकूड तेवढं वाया. सुकल्यावरही वाक राहिला तरच घासायचं.

आधी ओल कुठून येते ते शोधा. खोलीच्या एकाच बाजूच्या फळ्या उचलल्या असतील तर बाथरूमची भिंत, बाल्कनीचा उंबरा आणि एसीची पाण्याची नळी तपासा. सगळीकडे सारखंच असेल तर संशय तुमच्या फडक्यावर. वरच्या बाजूला पॉलिश असतं, सांध्यांना नसतं. पाणी तिथूनच उतरतं.

पुसण्यापूर्वी मऊ झाडूने कचकच काढा, नाहीतर पायाखालची वाळू पॉलिश पेपरचंच काम करते. मग 5 लिटर पाण्यात एक छोटा चमचा सौम्य लिक्विड साबण घालून मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळा आणि फळीच्या लांबीच्या दिशेने पुसा. ओलसरपणा मिनिटभरात उडाला पाहिजे, नाही उडाला तर पिळणं कमी पडलं. आठवड्यातून एकदा पुरतं. फिनाईलचा थर साचतो, व्हिनेगरने चमक मरते, आणि वाफेचा मॉप तर ओल थेट सांध्यांत ढकलतो.

प्रश्न : कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली काळं वर्तुळ पडलंय. जाईल का?

उत्तर : डाग पांढुरका असता तर ओल फक्त पॉलिशमध्ये आहे असं म्हटलं असतं. काळा म्हणजे लाकडातल्या टॅनिनशी (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) लोखंडाचा संयोग झालाय. आधी टोच्याने टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर फळी कुजली आहे, ती बदलाच. घट्ट असेल तर त्या पूर्ण फळीचं पॉलिश काढा, कारण फक्त डागावर काम केलं तर फिकट ठिपका उरतो. 1 लिटर गरम पाण्यात साधारण 60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकच्याच भांड्यात. ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे, मास्क घाला आणि मुलांना लांब ठेवा. ब्रशने लावून 20-30 मिनिटं थांबा, स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. गरज पडली तर पुन्हा. दोन दिवस सुकू द्या.

प्रश्न : चमक गेली, मेण लावू का?

उत्तर : पॉलिश पीयूचं (पॉलियुरेथेन) असेल तर नको, पुढचा कोट मेणावर धरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाच मिनिटं गोल राहिला तर 150 नंबरच्या पेपरने हलकं घासून, धूळ पुसून एक कोट पुरे. लाकूड काळवंडलं तर पॉलिश संपलंय, मुळापासून घासावं लागेल. मात्र फळी अख्ख्या लाकडाची नसून वरचा खरा लाकडी थर 2 मिलिमीटरचाच असेल तर मशीन लावू देऊ नका. सागवान तेलकट असतं, म्हणून पहिल्या कोटाच्या जरा आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर पापुद्रे निघतात.