वर्डप्रेसवरच्या ब्लॉगची एक्सपोर्टची एक्सएमएल फाइल माझ्याकडे आहे. बॅकअप म्हणून तेवढी पुरेल का?

नाही पुरणार. त्या फाइलमध्ये लेख, पानं, प्रतिक्रिया आणि वर्गवारी असते; फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. इम्पोर्ट करताना 'फाइल अटॅचमेंट्स'च्या चौकटीत खूण केली, तर वर्डप्रेस ते फोटो जुन्या साइटवरून ओढून आणतं. म्हणजे जुनी साइटच बंद पडली असेल, तर फोटो गेले. थीम, प्लगइन आणि सेटिंग्जही त्यात येत नाहीत.

खरा बॅकअप दोन गोष्टींचा: डेटाबेस (लेख, प्रतिक्रिया, सेटिंग्ज यात असतात) आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर (फोटो, थीम, प्लगइन यात असतात). डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) एसक्यूएल फाइल म्हणून, म्हणजे मजकुराच्या रूपात, उतरवा; फोल्डर एफटीपीने (सर्व्हरवरून फाइली उतरवायची पद्धत). सोबत 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलही ठेवा, डेटाबेसमधल्या टेबलांच्या नावांआधी लागणारा प्रीफिक्स त्यातच असतो. आणि कृपा करून हे सगळं होस्टिंगच्याच सर्व्हरवर ठेवू नका. खातं बंद झालं की बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

परत चढवताना मराठी ब्लॉगला हमखास नडतो तो कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत. नवा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्येच करा आणि इम्पोर्ट करताना फाइलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडा, नाहीतर लेखांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. डोमेन बदलत असेल, तर एसक्यूएल फाइलमध्ये हाताने 'फाइंड-रिप्लेस' करू नका. काही सेटिंग्ज मजकुराच्या (बाइट्समधल्या) लांबीसकट साठवलेल्या असतात, त्या मोडतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची 'सर्च-रिप्लेस' कमांड ही लांबी सांभाळून घेते.

एकदा स्वतःच्या कॉम्प्युटरवर लोकल वर्डप्रेस टाकून हा बॅकअप चढवून बघाच. फोटो असलेला एखादा जुना लेख उघडा. तो नीट दिसला तरच बॅकअप धड आहे असं समजा.